धास्तीमास्तरांचा बॉल जॉइंट

आमच्या शेजारचे मास्तर पंख्याखाली कधी बसले नाहीत. पंखा सुटला तर? जिन्यात ते भिंतीला घासून चालायचे, कारण कठड्याचा भरवसा नाही. सुरतेत उधन्याच्या कापड कारखान्यात मास्तर म्हणून दिवसभर धडधडते लूम सांभाळणारा हा माणूस घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा. सगळी सोसायटी त्यांना धास्तीमास्तर म्हणायची. हे बारसं मीच केलं, हे मी अभिमानानं सांगतो.

एवढा भित्रा माणूस, पण आपल्या जुन्या व्हॅनला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. म्हणायचे, "परक्यानं नट कसला की झोप लागत नाही, भाऊ. आपण कसला तर काय विसरलो ते निदान आठवत तरी बसता येतं."

त्या श्रावणात मात्र धास्ती खरी होती. रविवारी गावाकडे, नंदुरबारच्या पुढे, खानदेशची देवी कानबाई घरी बसणार होती. मास्तरांच्या म्हाताऱ्या आईची दोन वर्षं चुकली होती. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. "औंदा मी कानबाईले जासू म्हणजे जासू," तिनं जाहीर केलं होतं. आणि नेमका व्हॅनच्या पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट ढिला झाला. बॉल जॉइंट म्हणजे चाकाचा खुबाच. तो निखळला की धावत्या गाडीचं चाक आडवं पडतं.

शनिवारी सकाळी मास्तरांनी गाडी जॅकवर चढवली. जॅकचा भरवसा नाही म्हणून खाली स्टेपनी, विटा आणि घरातला पाटा सरकवला. मग गाडी दोरानं कडुनिंबाला बांधली.

मी म्हणालो, "मास्तर, आता फक्त नजर उतरवायची राहिली."

"हसा," ते गाडीखालून म्हणाले. "यात माझी आई बसणार आहे."

जॉइंटची खीळ गंजून भोकात रुतली होती. तेल झालं, हातोडा झाला, तरी हलेना. आई खुर्चीवर बसून होती. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी निवडलेल्या गव्हाची पिशवी मांडीवर.

"सुटनं का रे?"

"सुटी, माय."

ऊन चढलं, मास्तरांचा आवाज बारीक झाला. मी सल्ला दिला, "नट पुरता काढा आणि हाणा वरून."

"नट काढला तर सुटलेलं सगळं माझ्या तोंडावर येईल. तुम्ही चाकापाशी अडकवलेल्या त्या पहारीवर बसा. तुमचं वजन आज कामाला येऊ द्या."

बसलो. खिळीला न मारता ते भोकाभोवतीच्या लोखंडावर घाव घालू लागले, एकदा या अंगानं, एकदा त्या. आणि बार उडाल्यासारखा आवाज झाला. गाडी खचकन हलली, मी मातीत बसलो. खालून मास्तरांचा आवाज येईना.

"मास्तर?"

जिला हात धरून उठवावं लागे ती आई खुर्चीवरून उठून उभी होती. गहू सगळा अंगणात.

"निघाला," खालून क्षीण आवाज आला. "पण भाऊ, नवा बसेल ना?"

बसला. आम्ही गहू वेचला आणि दुपारी गाडी निघाली. संध्याकाळपर्यंत मी फोन हातातून ठेवला नाही.

"पोचलो. आई चुलीपाशी बसली आहे."

"आणि चाक?"

"चाकाला काही नाही. आता परतीचं बघू."

परतीचं आलंच नाही. कानबाईला निरोप दिल्यावर आई गाडीत बसेना. "आते मी सुरतले येत नही," म्हणाली. तिला एकटीला कसं सोडायचं? रात्री काही झालं तर? मास्तरांनी कारखाना सोडला.

बिऱ्हाड बांधायला मास्तर दोन दिवस आले. टेम्पो आला, तेव्हा ते आधी टेम्पोच्या चाकांभोवती फिरले. सामान चढलं तरी ते गाठी तपासत राहिले, मीही दोऱ्या आवळत राहिलो. टेम्पो निघाला, कोपऱ्यावर थांबला, आणि मास्तर उतरून पळत माझ्याकडे आले.

"तुमच्या गाडीचं डावं चाक वाजतं. काल ऐकलं मी. दाखवून घ्या," म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्याच दिवशी दाखवलं. मेकॅनिकला काही सापडलं नाही. मला मात्र तेव्हापासून ते रोज ऐकू येतं.