भिंतीखालचा खडक

देवगडकडचा दयानंद परब मस्कतमध्ये गवंडीकाम करायचा आणि माणसांवर विश्वास म्हणून ठेवायचा नाही. जन्मापासून तो असा नव्हता. वीसेक वर्षांपूर्वी ओमानमधल्याच इब्री गावात एका सुपरवायझरने त्याच्यापुढे अरबी कागद धरला होता. "हाजरी का कागज है. साइन करो, यल्ला!" दयानंदने सही केली. आदल्या आठवड्यात कोसळलेला कठडा आपल्याच चुकीने पडला, अशी ती कबुली होती. हे त्याला कळलं तेव्हा परतीचं तिकीट हातात पडलेलं होतं. दोन वर्षांनी तो दुसऱ्या कंपनीतून पुन्हा आला, पण मग कोणी गोड बोललं की हा दोन पावलं मागे सरायचा. फोटोत उभा राहायचा नाही. दुकानदाराने आपणहून चहा पुढे केला, तर आधी त्याच्या तोंडाकडे बघायचा.

मार्चमध्ये तो वादी कबीरला एका पुण्याच्या कुटुंबाकडे बाथरूमच्या लाद्या बसवायला गेला. नवरा सलील दातार, बायको सोनल, आठवीतली मुलगी सई. दुसऱ्या दिवशी सलील दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "परब, तुम्ही जुन्या मस्कतच्या कोटाजवळ काम केलंय ना?"

दयानंदच्या हातातली थापी थांबली. हे त्याने इथे कोणालाच सांगितलं नव्हतं.

"कोण म्हणाला?"

"खालचा वॉचमन यूनुस. त्याने तुम्हाला तेव्हा तिथे बघितलं होतं म्हणे. या शुक्रवारी आम्ही तिकडे जातोय. तुम्ही चला ना आमच्याबरोबर. सईला विचारायचंय थोडं."

"साहेब, तुम्ही कामाला कुठे?"

"कुरुमला. कन्सल्टंटच्या ऑफिसात इंजिनियर आहे."

कन्सल्टंट! म्हणजे दुसऱ्यांची कामं तपासणारी माणसं. कोटाच्या आतल्या बाजूला एक जुनं घर होतं. नऊ वर्षांपूर्वी त्या घराच्या मागच्या भिंतीचा तळ त्याने दुरुस्त केला होता. खरं तर तिथे सारूज लावायचा, म्हणजे भाजलेल्या मातीचा आणि चुन्याचा गिलावा. तो वाळायला वेळ घेतो, आणि कंपनीला घाई झाली होती. सुपरवायझरने सिमेंटची पोती आणून टाकली. दयानंदने सिमेंट भरलं, वरून मातीच्या रंगाचा पातळ हात फिरवला, आणि ते काम सारूजचं म्हणून खपलं. जुन्या भिंतीत सिमेंट भरलं की ओल आतल्या आत कोंडते आणि भिंत पोटातून सडते, हे गवंड्याला सांगावं लागत नाही. कधीतरी कोणीतरी विचारायला येणार, हे तो नऊ वर्षं धरून चालला होता.

खोलीवर आल्यावर त्याने कृष्णकांतला सांगितलं. हा त्याच्याच गावचा, गाड्यांना रंग मारणारा.

"गवंड्याक गाडीत घालून फिरवणारो सायब मी तरी अजून बघूक नाय," कृष्णकांत म्हणाला. "तू जाव नको."

"नाय गेलंय तर म्हणतले, ह्येच्या मनात काळा आसा. त्येंका काय काय ठावक आसा, ता तरी कळात."

शुक्रवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत मागे, दाराला चिकटून बसला. सोनलने डब्यातला उपमा पुढे केला. त्याने नको म्हटलं. गाडी बाब कबीरच्या, म्हणजे मोठ्या वेशीच्या, बाहेर लागली. एका टोकाला मिराणीचा किल्ला, दुसऱ्या टोकाला जलालीचा, मधे समुद्र, आणि जमिनीच्या अंगाने कोटाची भिंत.

सई आईला सांगत होती, "टीचर म्हणाल्या, प्रोजेक्टसाठी स्पॅनिश टाइमची वॉल्ड सिटी शोधा. माझी फ्रेंड मनिलाची आहे, तिने तिच्या सिटीचं केलं. मग मला कळलं, ही वॉल बांधली तेव्हा पोर्तुगालवर पण स्पेनचाच किंग होता! सो, ही पण चालते." मग ती दयानंदकडे वळली. "काका, तुम्ही कुठल्या इयरला इथे काम केलं?"

पहिलाच प्रश्न सालाचा! "आठवत नाही," दयानंद म्हणाला.

"आणि कंपनी कुठली होती?" सलीलने विचारलं.

"बंद झाली."

कंपनी चांगली चालू होती. बाप-लेकीने आधीच प्रश्न वाटून घेतलेत, अशी त्याची खात्री झाली. सोनल मधेच कोणाला तरी फोन करायला बाजूला गेली, तेही त्याला खटकलं. त्या घराकडची गल्ली टाळून तो त्यांना किल्ल्याच्या बाजूला घेऊन चालला, तोफा दाखवू लागला. तोफांविषयी त्याला काडीचंही माहीत नव्हतं. पण पोरगी कसली थांबते! ती नेमकी त्या गल्लीत शिरली, आणि काम करताना दयानंद लाद्या वाजवून बघायचा तशी बोटाच्या पेराने त्या घराची मागची भिंत वाजवत चालली. वर टक, टक. खाली ठक.

"काका, इथे साउंड वेगळा का येतो?"

तळाशी मिठाचे पांढरे पोपडे सुटले होते. दयानंदने एका नजरेत ओळखलं, ओल वर चढायला लागली आहे.

"खाली खडक आहे," तो म्हणाला. "खडकावरच उभी आहे ना भिंत."

सईने मान हलवली. तिच्या हातातल्या फोनवर लाल ठिपका लुकलुकत होता.

"ते बंद कर!" तो इतक्या जोरात ओरडला, की सोनल धावत आली. "साहेब, हे तुमच्या ऑफिसात द्यायचंय ना? सरळ सांगा. मला अडकवायला आणलंत."

सलील गोंधळला. "अहो परब, आमचं ऑफिस सांडपाण्याच्या लाइनी टाकतं. भिंतींशी आमचा काय संबंध?"

सईचे डोळे भरून आले होते. तिने फोन बंद केला. सगळे गाडीकडे परतले. उतरताना दयानंदने कोणाकडे बघितलंही नाही. सांडपाण्याचं त्याला अर्धंच पटलं होतं.

सोमवारी त्याच्या फोनवर सईचा व्हॉइस मेसेज आला. कागदावरचं वाचल्यासारखी ती बोलत होती. "काका, सॉरी, मी न विचारता रेकॉर्ड केलं. मी लिहिलंय ते बाबांनी मराठीत करून दिलंय. चुकलं असेल तर सांगा. 'दयानंद परब हे कसबी गवंडी आहेत. ते सांगतात की इथली भिंत तळाशी खडकावर उभी आहे, म्हणून तिचा आवाज बदलतो.'"

दयानंदने ते तीनदा ऐकलं. जेवायला बसला, दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

"काय झाला?" कृष्णकांतने विचारलं.

"इब्रीक माज्या नावार दुसऱ्यान खोटा लिवला होता. आता माजा मीच लिवून घेतलंय. ता पण पोराच्या हातान."

त्याने फोन लावला. "सई, खडक नाही तिथे. सिमेंट आहे. सारूज लावायचा होता, घाईत सिमेंट भरलं, आणि भरणारा मीच. भिंत खराब होतेय त्यामुळे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हे लिहू? तुमचं नेम काढू का?"

"राहू दे नाव."

फोन ठेवल्यावर त्याला हायसं वगैरे काही वाटलं नाही. उलट कुठून ही बुद्धी झाली, असं वाटलं. पुढचे तीन आठवडे अनोळखी नंबर दिसला की तो फोन उचलायचाच नाही. चौथ्या आठवड्यात सलीलच स्वतः त्याच्या नव्या कामाच्या जागी आला.

"परब, तुम्हाला न विचारता एक केलंय. त्या घराच्या मालकीणबाईंना जाऊन सांगितलं. सई ऐकेना. त्यांनी बोलावलंय तुम्हाला."

म्हणजे शेवटी अडकवलंच! असं मनात म्हणत दयानंद गेला. कुलसुमबाई पंचाहत्तरीच्या, मोडकंतोडकं हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी त्याला दारातच उभं केलं. "तुम ने खराब किया?"

"मैं ने किया."

"तो तुम ही ठीक करो. मैं सामने बैठेगी. सिमेंट का एक थैला भी नहीं आएगा."

दयानंदने दर शुक्रवार-शनिवारी तिथे काम केलं. बाई गल्लीत खुर्ची टाकून बसायच्या. चुना आला की गोणीत हात घालून बघायच्या. भाजलेली माती बोटांत चुरडायच्या, वास घ्यायच्या. तो पाणी प्यायला उठला तरी त्यांची नजर थापीवर. दयानंदला आधी राग आला. मग एका दुपारी त्याने आपणहून कालवलेल्या सारूजचा गोळा त्यांच्यापुढे धरला. बाईंनी तो दाबून बघितला आणि म्हणाल्या, "पानी ज़्यादा."

पाणी खरंच जास्त झालं होतं. त्याने तो सगळा माल ओतून दिला आणि दुसरा कालवायला घेतला.