एमूचा सदतिसावा जीव

दरीत धुकं साठलेलं असताना एमूची लाल मोटारसायकल डोंगराच्या सोंडेवर चढायला लागली, की वाडीतल्या बायका चुलीवरच्या भाताची वाफ हाताने सारून कान द्यायच्या. आवाज वर जायचा, सागाच्या पानांत बुडायचा, बराच वेळ काहीच यायचं नाही, आणि मग एकदम पलीकडच्या धारेवर तो पुन्हा उगवायचा. "गेली एमू," असं म्हणून बायका भात उतरवायच्या.

एमू अडतीस वर्षांची. लग्न केलं नाही, त्याची खंत तिच्यापेक्षा शेजाऱ्यांनाच जास्त. दर बुधवारी ती दवाखान्यातली निळी बर्फाची पेटी पाठीला बांधून वरच्या तीन गावांतल्या बाळांना लस टोचायला जायची. वाट कसली, नुसती मुळं, बांबूची खोडं आणि तांबडा चिखल. मागच्या चाकाला साखळी गुंडाळायची, दुसऱ्या गिअरात बेताने रेस द्यायची आणि बाकी हातांवर सोडायचं. "मूळ डोळ्यांना दिसायच्या आधी हातांना कळतं," ती म्हणायची. पानांतून उतरलेला उजेड अंगावरून सरकत राहायचा आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे तिला कळेनासं व्हायचं. त्यासारखं सुख तिला दुसरं ठाऊकच नव्हतं.

पाऊस संपता संपता ती पडली. कोपर खरचटलं, गुडघा सुजला, आठ दिवसांत बरं झालं. पण गाडीवर बसली की हात लटलटा कापायचे, क्लच सुटायचा आणि गाडी जागच्या जागी मान टाकायची.

"गाडीत काही दोष नाही गं," गाडी दुरुस्त करणारा टूलोमामा म्हणाला. "बसणारीचंच काहीतरी सुटलंय."

"तुमची जीभ सुटलीय तेवढी पुरे, मामा."

त्या बुधवारी ती पायी गेली. पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं, लस वाया गेली. वरच्या गावातल्या बायांनी रागवायचं सोडून तिच्यापुढे चहा ठेवला. त्या चहानेच एमू खचली. दवाखान्यातून निरोप आला: पुढच्या बुधवारीही जमलं नाही, तर यापुढे बाळांना घेऊन आयांनीच खाली यावं. म्हणजे ओल्या बाळंतिणींनी सहा तास उतरायचं.

तिच्या आईला कारण केव्हाच उमगलं होतं. आईचं स्वतःचं नाव विसरायला झालंय, सगळे तिला एमूची आईच म्हणतात. वाडीत मानतात, माणसात सदतीस जीव असतात. पडताना त्यातला एखादा दचकून तिथेच राहतो आणि उरलेले छत्तीस भांबावतात. तो जिथे राहिला तिथे जाऊन त्याला हाक मारायची, भात-अंडं दाखवायचं आणि घरी आणून मनगटाला दोरा बांधायचा.

"कुठे पडलीस?" आईने विचारलं होतं.

"ओढ्याच्या वळणावर," एमूने सांगितलं होतं.

आईने ओढ्यावर हाका मारल्या. दोरा बांधला. हात कापायचे थांबले नाहीत. दुसऱ्यांदा मारल्या, तरी तेच. मग आईच्या मनाने घेतलं की जीव पाण्याबरोबर वाहत गेला असणार. मंगळवारी सकाळी एमू शोधत आली, तर अडुसष्ट वर्षांची म्हातारी मांडीभर गार पाण्यात मासे धरायची टोपली बुडवत ओढ्याने खाली खाली चालली होती. "ये रे बाबा, गारठशील. भात निवतोय, ये," असं म्हणत होती आणि खोकत होती.

एमूला भडभडून आलं. "आई, बाहेर ये! मी इथे पडलेच नाही."

"मग?"

"नाळवनात."

आई पाण्यात तशीच उभी राहिली. गावातल्या प्रत्येक बाळाची नाळ बांबूच्या नळीत घालून त्या रानातल्या एकेका झाडाला बांधलेली. तिथे कुऱ्हाड चालत नाही, आरडाओरडा नाही, आणि गाड्या आल्यापासून इंजिन बंद करून गाडी ढकलत न्यायची. आत शिरताना सगळे करतात तेच.

"बर्फ वितळत होता," एमू म्हणाली. "म्हटलं, एवढ्याशा वाटेला कोण बघतंय. चालूच ठेवली."

"आणि मला पंधरा दिवस पाण्यात घातलंस."

"लाज वाटली गं."

"लाजेने मला खोकला झाला," आई म्हणाली आणि टोपली तिच्या हातात देऊन काठावर चढली.

दोघी नाळवनात शिरल्या. एमूने झाड दाखवलं. गाडीच्या पायदांडीने गुडघ्याएवढ्या उंचीवर साल सोलली होती, आतला गाभा ओला पिवळा दिसत होता. आईने झाडाभोवती एक फेरी मारली, वरची दुबेळकी फांदी पाहिली आणि मुळाशी बसली.

"काय झालं?"

"तुझ्या बापाने इथेच चढून नळी बांधली होती. उतरताना पडला आणि हसत बसला." आईने जखमेवर तळवा ठेवला. "हे तुझंच आहे, एमू. स्वतःलाच धडकलीस, मग हात कापतील नाही तर काय! आणि मी तुझा जीव हरवला असं समजले. तो कुठे गेलाच नव्हता. घाबरून आपल्या घरी येऊन बसला होता."

आईने ओढ्यावरचा चिकणमातीचा लपका सालीवर लिंपला, बाळाच्या टाळूवर तेल थापावं तसा. अंडं-भात मुळाशी ठेवला. एक दोरा झाडाला गुंडाळला, उरलेला एमूच्या मनगटाला. एमू खोडाला कपाळ टेकून "चुकलं माझं," म्हणाली आणि पोटभर रडली.

बुधवारी नाळवनाच्या तोंडाशी तिने इंजिन बंद केलं. पाठीवर पेटी, पायाखाली चिखल, गाडी रेड्यासारखी जड. आपल्या झाडापाशी ती थांबली, माती सुकून तडकली होती ती ओली केली, आणि मग पुढे ढकलत नेली. रान संपल्यावर किक मारली. हात थरथरले नाहीत. मुळं पुन्हा डोळ्यांआधी हातांना कळू लागली, उजेड अंगावरून सरकू लागला.

वरच्या गावात पोचायला उशीर झाला. बर्फ मात्र टिकला होता.

"आज एवढा वेळ?" बाळाचा दंड मोकळा करत एका आईने विचारलं.

"वाटेत घर लागतं माझं," एमू म्हणाली. "तिथे थांबले होते."