कुसुमचा गालिचा

त्या दुपारी फोनवर यशवंतभाऊंचा आवाज आला, नंबर त्यांनी स्वतःच कसाबसा लावला होता. भाऊ स्वतः कधी फोन करत नसत. कंपवातामुळे त्यांची बोटं मोबाईलवर ठरत नाहीत. कुणाशी बोलायचं असलं की त्यांची बायको, माझी मैत्रीण कुसुम, नंबर लावून फोन त्यांच्या कानाला धरायची. "बाई, जरा येता का," ते म्हणाले, "कुसुम उठंना झालीय." गल्लीच्या टोकालाच त्यांचं घर. मी अनवाणीच धावले. भाऊंच्या खुर्चीसमोर गालिच्यावर ती गुडघे टेकून पुढे वाकलेली होती. कपाळ मनगटावर, हाताखाली पांढरं सुती फडकं, शेजारी चहाचा कप आडवा पडलेला. मी तिच्या खांद्याला हात लावला आणि मला कळलं. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी येऊन तेच सांगितलं. हृदयविकाराचा झटका... तिला फार वेळ त्रास झाला नसावा, असंही म्हणाले. भाऊ खुर्चीतच बसून होते. त्यांना एकट्यानं उठता येत नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. लिहावं की नाही, हे ठरत नव्हतं. पण तिच्याबद्दल बोलायला गेले की लोक "फार स्वच्छतेची होती हो" एवढंच म्हणतात आणि मला ते अपुरं वाटतं.

मी देवळाली प्रवरेच्या शाळेत नवी नवी रुजू झाले तेव्हा कुसुम इथल्या दवाखान्यात नर्स होती. दोघी एकाच घरात भाड्यानं राहत होतो, एकाच नळावर पाणी भरत होतो. ती मूळची पाथर्डीकडची. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे तिचं अर्धं लहानपण कारखान्याच्या कडेला पाचटाच्या कोपीत गेलेलं. खाली माती, वरून पाचट. वडिलांनी तिला शिकवायचं एवढं एकच धरून ठेवलं होतं आणि ती शिकली. पुढे साखर कारखान्यातल्या फिटरशी, यशवंतभाऊंशी, तिचं लग्न झालं, माझंही झालं, घरं बांधताना दोघींनी एकच गल्ली धरली.

घर झाल्यावर तिनं पहिली हौस केली ती गालिच्याची. नगरला प्रदर्शन लागलं होतं, मी बरोबर होते. विक्रेता गडद मरून रंगाचा पुढे करत होता. "हा घ्या, ताई. डाग पडला तरी दिसणार नाही." कुसुम म्हणाली, "दिसला नाही तरी असतोच ना तो. मला फिका दाखवा." साईच्या रंगाचा, निळ्या वेलबुट्टीचा गालिचा आम्ही एसटीच्या टपावर टाकून आणला. भाऊ म्हणाले, "ह्यो कारखान्याचा गाव हाय. आठवड्यात काळा हुईल."

तो काळा झाला नाही. गळीत हंगामात इथं चिमणीची काजळी पडते. दोरीवरचे कपडे, गच्ची, माणसाचे खांदे, सगळ्यावर. कुसुम वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायची, दाराच्या आत आणि बाहेर पायपुसणी टाकायची. तरी आत आलेल्या काजळीला ती पाणी लावू द्यायची नाही. ओली झाली की ती धाग्यात बसते, म्हणून गालिचा गच्चीच्या कठड्यावर टाकून आधी झटकायचा. तेल सांडलं तर त्यावर टाल्कम पावडर. बुद्धपौर्णिमेला मेणबत्तीचं मेण सांडलं तर वर खाकी कागद आणि त्यावर हलकी इस्त्री. चहा, आमटी काहीही सांडलं तरी घासायचं नाही, फडकं ठेवून अंगाचा भार देऊन दाबायचं, आणि कडेकडून मधे यायचं. "मधून बाहेर गेलीस की डाग पसरतो," ती मला सांगायची. माझ्या घरी साधी सतरंजी होती, तरी सांगायची.

पण या सगळ्यापेक्षा तिचा एक नेम वेगळा होता. ज्याच्या हातून सांडलं त्याच्यासमोर ती कधी पुसत नसे. एका हिवाळ्यात मी तिच्याकडे बसले असताना ऊसतोडीतली एक बाई पोराला कडेवर घेऊन तिच्या दारात आली. कोयता लागून पोराच्या पायातून रक्त वाहत होतं. बाई उंबऱ्यातच थबकली. "पाय लई मळल्यात, बाई. हितंच बघा ना." कुसुमनं तिला दंडाला धरून आत आणलं, गालिच्यावर बसवलं, पोराची जखम बांधली, चहा पाजला. बाईची नजर सारखी त्या रक्ताकडे जात होती. कुसुमनं तिकडे एकदाही पाहिलं नाही. माय-लेकरू रिक्षानं दवाखान्याकडे गेल्यावर, दार लावून, ती गार पाणी घेऊन खाली बसली. तोवर रक्त वाळत आलं होतं. मी म्हटलं, "अगं, लगेच पुसलं असतंस तर सहज निघालं असतं." ती दाबत राहिली. मग म्हणाली, "लहानपणी आई मला घेऊन एका बागायतदाराच्या घरी गेली होती, उचल मागायला. त्यांनी ओट्यावर बसवलं. आम्ही उठलो, तर अजून अंगणातच होतो, आणि त्यांच्या बाईनं आई बसली होती तेवढी जागा पाण्यानं धुतली... आईनं मागं वळून बघितलं नाही. मी बघितलं." एवढंच.

भाऊ निवृत्त झाले आणि त्यांचे हात थरथरायला लागले. कारखान्याची यंत्रं खोलून जोडणाऱ्या या माणसाला शर्टाचं बटण लागेना. घास तोंडापर्यंत जाईना. पुण्याहून मुलगा मिलिंद आला की म्हणायचा, "आई, गालिचा गुंडाळून ठेव, नाहीतर पप्पांना आतल्या खोलीत जेवायला देत जा." कुसुमनं यातलं काहीच केलं नाही. त्यांची खुर्ची तिनं बैठकीतच ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्यांत. कप निम्माच भरायची. तरी सांडायचं. आता सांडणारा माणूस पाहुण्यासारखा घरातून निघून जाणारा नव्हता, मग तिनं त्यावर वेगळा तोडगा काढला. "अहो, बघा बरं, कुणाचा ट्रॅक्टर चाललाय," म्हणायची. खुर्ची खिडकीपाशी होती, समोरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायच्या. भाऊ बाहेर बघायचे आणि ती खाली बसायची. ट्रॅक्टर नसला तरी ते बाहेर बघायचे. तिचे गुडघे गेले होते, जिना चढताना धाप लागायची. तपासून घे म्हटलं की "हंगाम संपू दे" म्हणायची. हंगाम कारखान्याचा, तिचा त्याच्याशी काय संबंध... पण ती तसंच म्हणायची.

पुण्यानुमोदनाचा, तिच्या स्मरणाचा, कार्यक्रम झाला, माणसं पांगली. मिलिंदनं वडिलांसाठी दिवसभराची बाई लावली आणि तो परत गेला. भाऊ पुण्याला जायला तयार नव्हते. मग मी रोज दुपारी त्यांच्याकडे जायला लागले. एक दिवस त्यांनी आपणहून सांगितलं.

"त्या दिशी च्या सांडला. ती म्हनली, बघा ट्रॅक्टर कुनाचा. मी बघत बसलो. खरंच चालल्या हुत्या ट्रॉल्या. मग वळून बघितलं तर ती खाली वाकल्याली. मला वाटलं, दाबून धरलंय. तिला मी बघितल्यालं आवडत न्हाई. म्हनून परत खिडकीकडं त्वांड केलं."

डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागला नसेल. मी तेच त्यांना पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नव्हे.

गेल्या आठवड्यात गेले तर गालिचा पुन्हा अंथरलेला होता. गर्दीत कुणीतरी गुंडाळून माळ्यावर टाकला होता, तो भाऊंनी कामाच्या बाईला सांगून काढायला लावला. खुर्चीसमोर चहाचा डाग होता, तळहातापेक्षा मोठा, तपकिरी, त्याची एकच कड पुसट झालेली.

"बाई, ती काय करायची वो नक्की?" त्यांनी विचारलं. "मला ठावं न्हाई. मी कायम भाईरच बघायचो."

मी सांगितलं. गार पाणी, त्यात थोडं व्हिनेगर, सुती फडकं. कडेकडून मधे. घासायचं नाही. आणि हेही सांगितलं, की दुधाचा चहा आहे, इतका जुना झाल्यावर तो निघायचा नाही.

"न्हाई निघाला तर न्हाई," ते म्हणाले. "तिचं अर्धं ऱ्हायलंय."

मी आणि कामाच्या बाईनं मिळून त्यांना धरून खाली बसवलं. मी फडकं भिजवून, पिळून डागावर ठेवलं. त्यांनी आपले दोन्ही हात त्यावर ठेवले, थरथरत, एकावर एक, आणि पुढे वाकून अंगाचा भार दिला. भार पडला तसे हात थांबले. आजार जडल्यापासून मी ते हात स्थिर पाहिले नव्हते. भाऊही आपल्या हातांकडेच बघत होते. मी म्हटलं, आता उचला, बघू काय झालंय. त्यांनी उचललं नाही. बाहेरून ट्रॅक्टर गेला, खिडकीच्या काचा हादरल्या... त्यांनी मान वर केली नाही.