शिंप्याचा ट्रक

माझा साडू शिंपी आहे. कोटाची बाही उसवून पुन्हा लावली तरी कुठून उसवली होती ते कळणार नाही, असा त्याचा हात. हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो आणि मोकळं मन इथेच बंद करतो, कारण पुढे त्याचं बरंच कौतुक करावं लागणार आहे आणि ते माझ्या अगदी जिवावर येतं.

मी गाड्या दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली. माझ्या गॅरेजात गाडी वर उचलायची लिफ्ट आहे, हवेचा पंप आहे, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने आहेत. लोक मला मिस्त्री म्हणतात आणि साडूला मास्तर. थोरली बहीण माझी बायको, धाकटी त्याची. त्याचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एक मशीन, एक लांब टेबल, आणि बरण्यांत रंगांप्रमाणे वेगळी केलेली बटणं.

आमच्या सासऱ्यांकडे एक जुना ट्रक होता. चारही चाकांना ताकद जाणारा, चढावर कुठेही न अडणारा. त्यांनी तीस वर्षं त्याच्यातून वरच्या खाणीतला दगड खाली आणला. खाण बंद पडली, सासऱ्यांचे गुडघे गेले आणि ट्रक घरामागच्या पत्र्याखाली जाऊन बसला. अकरा वर्षं तो तिथे होता. कोंबड्या त्याच्या केबिनमध्ये अंडी घालायच्या.

मी पहिल्यांदा त्या घरात गेलो तेव्हा बायकोच्या आधी मी तो ट्रक पाहिला होता. दोघंही आवडले. बायको मिळाली.

एका दुपारी सगळे जेवायला बसलो असताना सासरे म्हणाले, "त्या ट्रकचं काय करावं?" विचारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. साहजिकच आहे, घरात गाडी कळणारा मी एकटा. मला आतून उड्या माराव्याशा वाटल्या. पण आमच्या धंद्याची एक सवय असते. जी गाडी विकत घ्यायची असते तिला आधी नावं ठेवायची. इंजिन गेलंय म्हणायचं, चासी वाकलीय म्हणायचं, तोंड वाकडं करून चाकाला लाथ मारायची. मग मालक स्वतःच म्हणतो, घेऊन जा बाबा. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली आहे की मला भाजी आवडली तरी मी मीठ कमी आहे म्हणतो.

"भंगार आहे हो, मामा," मी म्हणालो. "किलोवर घाला."

आणि वाट बघत राहिलो, की आता ते म्हणतील, मग तुम्हीच न्या.

मास्तर पाणी प्यायला, त्याने पेला खाली ठेवला आणि लहान पोरासारखं सरळ विचारलं, "मामा, मला द्याल?"

"घ्या की," सासरे म्हणाले.

संपलं. बारा वर्षांची माझी इच्छा पेला ठेवायला लागतो तेवढ्या वेळात गेली. घरी येताना बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला हवा होता का तो?" मी म्हणालो, "मला? ते डबडं? वेड लागलंय का?" कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही गोष्ट मी शाळेत पाठ केली होती. उपयोग काही झाला नाही.

मला वाटलं, तेरड्याचा रंग तीन दिवस. शिंप्याला महिन्याभरात कंटाळा येईल, मग तो हात जोडून माझ्याकडे येईल आणि मी उपकार केल्यासारखा ट्रक ठेवून घेईन. मास्तरने ट्रक ओढून आपल्या अंगणात नेला. महिना झाला, सहा झाले. मास्तर सकाळी दुकान उघडण्याआधी दोन तास आणि सुट्टीचा सगळा दिवस ट्रकच्या पोटाखाली असायचा. नवीन भाग घेण्याची त्याची ऐपत नव्हती. म्हणून त्याने भंगारवाल्याशी सौदा केला. भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर उन्हापावसाला आडोसा नव्हता, तर मास्तरने त्याला जाड कापडाचं छप्पर शिवून दिलं. वर आतून चोरखिसे असलेल्या दोन पँटी. त्या बदल्यात ढिगातून हवं ते शोधायची मुभा.

आणि काय काय शोधून आणायचा तो! डावं दार दुसऱ्या ट्रकचं, हिरवं. काचा पुसायची मोटर बसची. रेडिएटर एका बंद पडलेल्या जनरेटरचा. आसनं फाटकी होती, ती जुन्या तंबूच्या कापडाने अशी मढवली की बसल्यावर उठू नये. पत्रा कापायचा तर आधी कागदाचा नमुना कापायचा, जागेवर लावून बघायचा, निळ्या खडूने रेघ मारायची आणि मगच कात्री. नट आणि बोल्ट बरण्यांत, बटणांसारखे. मी एकदा बघायला गेलो तर म्हणाला, "दादा, इंजिनाची छाती मोजली, फारशी झिजलेली नाही." मला हसू आलं. सिलिंडर त्याने बरोबर मोजले होते, म्हणून ते हसू तोंडातच राहिलं.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. सासरे. रोज सकाळी ते मास्तरकडे यायचे, मेहुणी त्यांच्यासाठी अंगणात खुर्ची टाकायची आणि ते काठी मांडीवर घेऊन ट्रकजवळ बसायचे. कुठला नट उलट्या आट्यांचा, कुठला पाइप कुठून जातो, सगळं सांगायचे. हसायचे. माझ्या गॅरेजात इतक्या वर्षांत ते एकदाही पाय टेकून बसले नाहीत. गाडीतूनच विचारायचे, "ठीक ना?" आणि निघून जायचे. मी गाड्यांत जन्म घालवला आणि त्या माणसाला गप्पा मारायला शिंपी सापडला. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

गिऱ्हाइकं माझ्याच दारात उभी राहून सांगायची, "मिस्त्री, तुमच्या साडूचा ट्रक बघितला का? काय हात आहे!" मी त्यांच्या गाडीचं ऑइल बदलत असायचो. अशा वेळी झाकण जरा जास्तच घट्ट बसायचं.

दीड वर्षाने ट्रक सुरू झाला. येत्या रविवारी सासऱ्यांना वर खाणीपर्यंत न्यायचं ठरलं. गुडघ्यांमुळे त्यांना तिथे चालत जाणं शक्य नव्हतं आणि एकदा ती जागा बघायची त्यांची फार इच्छा होती. बुधवारी मास्तर माझ्याकडे आला. "दादा, तुम्ही एकदा नजर टाका. तुम्ही ठीक आहे म्हणालात की मी निर्धास्त."

गेलो. तो आत एक कोट पुरा करायला बसला आणि मी ट्रकखाली एकटाच. खरं सांगतो, मी दोष शोधायलाच गेलो होतो. ब्रेक पाहिले, चांगले. स्टिअरिंग चांगलं. क्लच दाबून पाहिला, त्यातही खोट नाही. माझी निराशा वाढत चालली. मग पुढचा अ‍ॅक्सल दिसला. मूळचा गंजून गेला होता म्हणून त्याने भंगारातून दुसरा आणला होता. बाहेरून सारखा. पण आत दातांचा हिशोब सारखा असेलच असं नसतं. पुढची चाकं आणि मागची चाकं एकाच हिशोबाने फिरली पाहिजेत. नाहीतर चारही चाकांना ताकद जोडली की दोन्ही बाजू एकमेकींशी भांडतात. मऊ मातीत चाक घसरून निभावतं. कठीण दगडावर, चढावर, काहीतरी तुटतं.

हे मोजायची सोपी रीत आहे. एक चाक जॅकवर उचलायचं, चाकावर आणि मधल्या दांड्यावर खडूने खूण करायची, चाक दोनदा पूर्ण फिरवायचं आणि दांडा किती फेरे घेतो ते बघायचं. मी खिशातला पांढरा खडू काढला. मागे पावणेपाच फेरे. पुढे सव्वाचार.

पुन्हा मोजलं. तेच.

सांगायला लाज वाटते, पण दीड वर्षात मला पहिल्यांदा आनंद झाला. अंगातून काहीतरी गार वाहत गेलं. चुकला! शिंपी चुकला! मी चाकांवरच्या खुणा तळहाताने पुसल्या, हात धुतले आणि दुकानाच्या दारात जाऊन म्हणालो, "ठीक आहे सगळं."

"नक्की ना, दादा?"

"सांगितलं ना."

गुरुवार गेला. खाणीखालचं शेवटचं वळण माझ्या डोळ्यांपुढून हलेना. खाली सगळा उघडा खडक, उजवीकडे दरी. तिथे तो लहान लिव्हर ओढणार, चारही चाकं जोडणार, आणि गाडीत सासरे असणार, मेहुणी असणार, माझी स्वतःची बायको असणार. मी स्वतःला सांगितलं, शुक्रवारी सांगू. शुक्रवारी एक गिऱ्हाईक म्हणालं, "आता तुमच्या साडूने गॅरेज काढावं." मी म्हटलं, शनिवारी सांगू. शनिवारी बायकोने विचारलं, "जेवत का नाही?" मी तिच्यावर ओरडलो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. तोंड उघडलं की मी बुधवारी खोटं बोललो हे उघडं पडणार. नाही उघडलं तर... मी पुढे विचार करत नव्हतो. रविवारी निघायच्या आधी नक्की सांगायचं, असं ठरवून झोपलो.

रविवारी सकाळी अंगणात सगळे जमले होते. ट्रक धुऊन उभा होता, हिरव्या दारासकट. मी मास्तरच्या जवळ गेलो. "मास्तर," मी म्हणालो.

"थांबा, दादा, आधी मी बोलतो!" त्याने माझा हात धरला आणि सगळ्यांकडे वळला. "तुम्हाला ठाऊक आहे का दादांनी काय केलं? परवा ग्रीस भरायला खाली गेलो, तर दोन्ही दांड्यांवर खडूची खूण. पांढरी! माझा खडू तर निळा असतो. म्हटलं, ही दादांचीच. मग मामांना विचारून चाकं फिरवून मोजली, तर हिशोब जुळेना. भंगारवाल्याकडे धावलो, तीन अ‍ॅक्सल उघडले, तिसऱ्यात जुळणारा गाभा मिळाला. काल संध्याकाळी बसवून झाला. आता दोन्हीकडे पावणेपाच!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तोंडाने ठीक आहे म्हणाले आणि खाली खूण ठेवून गेले. म्हणजे काय, मी स्वतः शोधावं, स्वतः शिकावं. असं कोण शिकवतं हो?"

मेहुणी माझ्या पाया पडायला वाकली. बायको माझ्याकडे अशी बघत होती जशी लग्नाच्या पहिल्या वर्षी बघायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. चाकांवरच्या खुणा मी पुसल्या होत्या. दांड्यांवरच्या दोन्ही राहिल्या होत्या. आणि आयुष्य खडूत घालवलेल्या माणसाच्या गाडीखाली मी त्या ठेवून आलो होतो.

"तुम्ही काय म्हणत होतात, दादा?"

"काही नाही," मी म्हणालो. "निघू या."

त्या क्षणी मी खरंच बोललो असतो का? मला वाटतं, असतो. पण वाटणं आणि करणं यात फरक असतो, आणि तो मोजायची संधी मास्तरने माझ्याकडून काढून घेतली. ट्रक नेला, सासरे नेले, आता हेही.

ट्रक वर गेला. कसा गेला ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, त्या वळणावर मास्तरने लिव्हर ओढला आणि गाडी साधी कुरकुरलीही नाही. सासरे पुढे बसले होते. त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता आणि तो सगळा वेळ तिथेच होता.

वर पोहोचल्यावर बाकीचे खाणीच्या तोंडाशी गेले. मी आणि सासरे ट्रकजवळ राहिलो. ते बराच वेळ दगडाच्या कापलेल्या भिंतीकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खुणा मला बुधवारीच दिसल्या होत्या."

मी चाकाकडे बघितलं.

"चाकांवर पुसलेलंही दिसलं. दोन दिवस थांबलो. म्हटलं, येतील, सांगतील. शुक्रवारी मास्तरांना म्हटलं, ग्रीस भरून घ्या."

"मामा..."

"त्यांना मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही." काठीने त्यांनी एक खडा बाजूला सारला. "ट्रक मी तुमच्यासाठीच ठेवला होता, जावईबापू. अकरा वर्षं. त्या दिवशी तुमच्याकडे बघून विचारलं. तुम्ही भंगार म्हणालात. त्यांनी मागितला. मागणाऱ्याला देतात."

एवढंच. ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं.

इतक्यात मास्तर आला, हात पुसत, चेहरा फुललेला. किल्ली त्याने माझ्यापुढे धरली. "दादा, उतरताना तुम्ही चालवा. तुमचा हक्क आहे. चालवाल ना?"

सासरे आता सरळ माझ्याकडे बघत होते. मला तो ट्रक चालवायचा होता. त्या घरात पहिल्यांदा पाय ठेवला त्या दिवसापासून चालवायचा होता. फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर.

"नको रे," मी म्हणालो. "क्लच फार जड आहे त्याचा."

सासऱ्यांनी मान वळवली आणि काठी टेकत दाराकडे गेले. मी मागे चढून बायकोशेजारी बसलो. क्लच मुळीच जड नव्हता. बुधवारी मी स्वतः दाबून पाहिला होता.