सोड्यांची पिशवी आणि शेटजींची माडी

आता लेकीकडे जायचं तर मोकळ्या हातानं कोण जातं, सांगा बरं! माझ्या थोरल्या जावेची लेक करंजाड्याला राहते. म्हणून आम्ही दोघी करावे गावातून निघालो ते पिशवीत सोडे घेऊनच. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी. चार कागदांत बांधा, वास काही लपत नाही.

वाटेत जुन्या पनवेलात उतरायचं, हा हट्ट जावेचाच. तिथं बाजारात एका तांदळाच्या व्यापाऱ्याचं जुनं घर आहे. लहानपणी सुकी मासळी विकून झाली की ती आईबरोबर त्या घराच्या ओट्यावर तांदूळ घ्यायला बसायची. वर माडीला लाल-हिरव्या काचा. आत ऊन कसं पडत असेल, हे तेव्हापासून तिच्या मनात. पण शेटजींचं घर शाकाहारी. त्यांनी कधी नको म्हटलं नव्हतं हो. मासळीच्या पाटीला वास येतो म्हणून आईच हिला उंबऱ्याजवळ फिरकू द्यायची नाही.

आता त्या घरच्या सूनबाई, वयानं आमच्याच बरोबरीच्या, रविवारी घर बघायला उघडं ठेवतात. "या ना आत," म्हणाल्या.

जाऊ ओट्यावर बसली ती बसलीच. "तू जा गो. मी हाय इथं."

"अगो बाय, मग आलीस कशाला एवढी?"

"पिशवीत सोडे हायेत ना!" ती कुजबुजली.

"ठेव की इथंच."

"आनि ती बघ, दोन मांजरां बसलीत टपून."

सूनबाईंनी विचारलं, "काय आहे पिशवीत?" जावेनं पिशवी पदराआड ओढली. मीच सांगून टाकलं.

त्या हसत सुटल्या. "द्या इकडे, मी बसते."

"तुमाला चालंल?" जाऊ.

"खायचे थोडेच आहेत? राखायचेच तर आहेत!"

पदर नाकाला लावून, हातात काठी घेऊन बाई बसल्या की खरंच!

आम्ही जिना चढलो. माडीत लाकडी जमिनीवर काचांचे रंग सांडले होते. जाऊ लाल उजेडात उभी राहिली, मग हिरव्यात, मग परत लाल. हात पालथा करून बघितला, उताणा करून बघितला. मी आपली दमून खिडकीशी टेकले.

बऱ्याच वेळानं खालून हाक आली, "झालं का हो बघून?"

"थांबा वायच, एक खोली ऱ्हायलीय!" जाऊ ओरडली.

खोली कसली? माडीला खोली ती एकच.