पंख वर असलेलं विमान

मुलाला बंगळुरात नोकरी लागली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा पुण्यात एक फ्लॅट घेऊन ठेवावा असं आमचं जवळजवळ ठरलं होतं. रोह्यातल्या आमच्या बहुतेक ओळखीच्यांनी तसंच केलं होतं. आम्ही फ्लॅटऐवजी विमान घेतलं. जुनं, एका इंजिनाचं, चार माणसांचं. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतात, कारण ही हौस त्यांचीच असणार असं सगळ्यांना वाटतं. त्यांना तर उंचीची भीती वाटते. हौस माझी.

मी भूल देणारी डॉक्टर. पेण आणि रोह्याच्या लहान लहान हॉस्पिटलांत जिथे ऑपरेशन असेल तिथे आपली पेटी घेऊन हजर व्हायचं, हे माझं काम. कॉलेजात असताना एनसीसीच्या हवाई विभागात होते, ग्लायडरमध्ये बसले होते. मग मेडिकल, लग्न, मुलगा, आणि ते सगळं मागे पडलं. पंचेचाळिशी उलटल्यावर एके दिवशी उठले आणि घाटावरच्या एका तालुक्याच्या गावाबाहेर फ्लाइंग क्लब होता, तिथे नाव घातलं. दर शनिवारी ताम्हिणी घाट चढायचा, रविवारी उतरायचा. गाडी नवरा चालवायचा, कारण घाटातल्या वळणांची मला भीती वाटते. हे ऐकून आमचे इन्स्ट्रक्टर पहिल्यांदा मोठ्याने हसले होते.

परवाना मिळाला, पण उडायला विमान मिळेना. क्लबची दोन विमानं, आणि त्यांवर एअरलाइनमध्ये जायला निघालेल्या मुलांची रांग. माझी पाळी यायची ती भर दुपारी, हवा तापून विमान टमटमसारखं उडायला लागलं की. एकदा असाच एक फेरा मारून मी घामाघूम होऊन उतरले, तेव्हा नवरा गाडीत बसून राहून माझ्याहून जास्त घामाघूम झालेला. ते म्हणाले, "एवढ्यासाठी एवढ्या लांब यायचं असेल तर आपलं स्वतःचं घेऊ या. मिळतात का जुनी?"

मिळतात. मी चार महिने चौकशा केल्या. पुण्याला एक निवृत्त विमान-अभियंता राहत होते, सत्तरीचे, अतिशय कमी बोलणारे. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. विकत घेण्याआधी विमान तपासून द्यायला ते तयार झाले, पण एका अटीवर. "मी नाही म्हटलं तर वाद घालायचा नाही."

पहिलं विमान बघायला गेलो ते किनाऱ्याजवळच्या एका शहरात. मालक बिल्डर. पांढरंशुभ्र विमान, त्यावर लाल पट्टा, पंख खालच्या बाजूला, नाक जरा लांब. उभ्या उभ्याच पळतंय असं वाटायचं. मी बघताक्षणी हरले. पायलटच्या जागेवर बसून मी पॅनेलवरून हात फिरवत होते, तेवढ्यात बाहेर साहेबांनी पंखाखालचं एक लहानसं झाकण उघडलं आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांड्याचा आरसा आत घालून टॉर्च मारला. खूप वेळ बघितलं. मग मला हाक मारली.

आरशात पांढरी भुकटी दिसत होती, फरशीवर सांडलेल्या पिठासारखी.

"ॲल्युमिनियम कुजतंय," साहेब म्हणाले. "खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उघड्यावर उभं आहे. बाहेरून रंग दिलाय."

"दुरुस्त होईल?"

"होईल. पंख काढून." एवढं बोलून त्यांनी आरसा पुसला आणि पिशवीत ठेवला.

नवरा मिठागरवाल्यांच्या घरातला. पेणच्या खाडीकडच्या गावात त्यांच्या वडिलांची मिठागरं होती. परतीच्या वाटेवर ते मला समजावत होते, "आमच्याकडे दाराच्या बिजागऱ्या दर दोन वर्षांनी बदलायचो. मीठ कुणाला सोडत नाही."

दुसऱ्या वेळेला आत, कोरड्या मुलखात गेलो. एक उड्डाण शाळा बंद पडली होती आणि त्यांची दोन विमानं विकायची होती. एक पुन्हा पंख खाली असलेलं, जरा नवं आणि वेगवान. दुसरं पंख वर असलेलं, वयाने जुनं, रंग उडालेला, आतल्या खुर्च्या फाटलेल्या. साहेबांनी दोन्ही विमानं दिवसभर तपासली. इंजिनाचे सिलिंडर एकेक करून हवा भरून पाहिले, तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून धातूचा कण आहे का ते बघितलं, शेपटीपर्यंत गेलेल्या तारा ओढून पाहिल्या. पंख वर असलेल्या विमानात मागे उंदराचं एक जुनं घरटं निघालं. बाकी दोन्ही धडधाकट.

"दोन्ही घेण्यासारखी आहेत," साहेब म्हणाले. "आता तुम्ही ठरवा."

मी मनात ठरवलंच होतं. खाली पंखवालं. वेगवान, नवं, दिसायला देखणं. नवऱ्याला सांगायला वळले तर ते कुठे दिसेनात. शोधलं तर दुसऱ्या विमानाच्या पंखाखाली वर्तमानपत्र अंथरून आरामात बसले होते, डबा उघडून. धावपट्टीच्या आसपास दूरवर एकही झाड नव्हतं. ऊन असं की जमिनीकडे बघवत नव्हतं.

"हे घेऊ या," ते म्हणाले.

"का?"

"सावली आहे."

मला हसू आलं. मग रागही आला. "अहो, विमान उडायला घेतात. सावलीला नाही."

"तू वर असशील तेव्हा. मी खालीच असणार ना. दर शनिवारी मी कुठे बसू?"

साहेबही तिथे येऊन उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझ्या बाजूने बोलतील म्हणून. ते म्हणाले, "त्याला दार एकच आहे आणि चढायला पंखावर पाय द्यावा लागतो. ह्याला दोन्हीकडे दारं. म्हातारं माणूससुद्धा बसू शकतं. आणि बाई, खाली बघायचं असेल तर पंख मध्ये येत नाही. तुम्हाला कुठे लवकर पोचायचंय का?"

मला कुठेच लवकर पोचायचं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. कोकणात आपल्या हॉस्पिटलांवरून, नदीवरून, डोंगरावरून हिंडायचं आणि खाली बघायचं, एवढंच मला हवं होतं. आणि या सगळ्या प्रकरणात नवऱ्याने आतापर्यंत एकच गोष्ट मागितली होती. मीही त्या वर्तमानपत्रावर बसले. डब्यातली मेथीची भाजी तिघांत वाटून खाल्ली आणि पंख वर असलेलं विमान घेतलं.

इन्स्ट्रक्टर शेजारी बसले आणि मी ते चालवत क्लबपर्यंत आणलं. पावसाळ्याचे महिने ते हँगरमध्ये राहिलं, तेव्हा त्याला सजवायचं काम झालं. सजवायचं म्हणजे रंग नव्हे. रेडिओ खरखरायचा, मागच्या माणसाचं बोलणं पुढे ऐकू यायचं नाही, पट्टे फक्त कमरेचे होते.

मी यादीच करत सुटले होते. रंगीत पडद्याचा नकाशा, आपोआप सरळ चालवणारं यंत्र, आणखी दोन मीटर. ऑपरेशन थिएटरमध्ये मला सगळीकडे पडदे बघायची सवय. नवरा धाटावच्या केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनचे मुख्य होते, म्हणजे मीटर आणि अलार्म हेच त्यांचं आयुष्य. मला वाटलं होतं ते माझ्याहून लांब यादी करतील.

ते म्हणाले, "आमच्या प्लांटमध्ये एकदा इतके अलार्म लावले की रात्रपाळीचे ऑपरेटर त्यांच्या आवाजात जेवायचे. थोडं लाव, पण ज्यावर विश्वास ठेवशील तेच लाव."

यावर आमचं चांगलं भांडण झालं. शेवटी नवा रेडिओ आला, आपण कुठे आहोत ते जमिनीवरच्यांना कळवणारं यंत्र आलं, चारही जागांना खांद्यावरून येणारे पट्टे आणि चौघांना एकमेकांशी बोलता येईल असे हेडफोन आले. माझी एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. विमानाची केबिन गरम करतात ती इंजिनाच्या धुराच्या नळीच्या उष्णतेवर. नळीला चीर गेली तर तो विषारी वायू आत येतो, आणि त्याला वास नसतो. माणूस छान झोपी जातो. लोकांना झोपवणं हा माझा धंदा असल्यामुळे त्या वायूचा इशारा देणारं लहानसं यंत्र मी लावून घेतलंच.

सगळ्यात मजा आली जुनं काढण्यात. पॅनेल उघडल्यावर आत वायरींचं जंगल. कधीकाळी कुणी बसवलेलं आणि पुढे कुणी काढून टाकलेलं यंत्र, पण वायरी तशाच. कशालाच न जोडलेल्या. क्लबचे लायसन्स असलेले मेकॅनिक त्या एकेक ओढून काढत होते. विमानाच्या कामाला परवाना लागतो, त्यामुळे एवढ्या मोठ्या प्लांटचे साहेब असलेल्या माझ्या नवऱ्याला एका स्क्रूलासुद्धा हात लावता येत नव्हता. ते बिचारे टॉर्च धरून उभे. निघालेल्या वायरींचा ढीग त्यांनी गोणपाटात भरला, दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि म्हणाले, "म्हणजे एक माणूस वाढला!" माणूस नाही, पण दोन-तीन वर्षांच्या पोराएवढं वजन नक्की होतं. पुढे विमान तराजूंवर चढवून वजन केलं तेव्हा ते खरंच हलकं झालेलं निघालं. नव्या खुर्च्यांचं कापड पेटणार नाही अशा जातीचंच घ्यावं लागतं, आणि ते फक्त तीन रंगांत मिळालं. आम्ही विटकरी घेतलं.

दिवाळीआधी हवा निवळली. नवरा एकदाच वर आले, नवी यंत्रं चालतात का ते बघायला. दोन्ही हात मांडीवर, डोळे पॅनेलवर. अर्धा तास त्यांनी काचेबाहेर बघितलं नाही. उतरल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"ऑइल प्रेशर उत्तम आहे," ते म्हणाले आणि पंखाखाली जाऊन बसले. त्यानंतर मी कधी आग्रह केला नाही.

आग्रह न करता बसायला आल्या त्या त्यांच्या आत्या. खाडीकडच्या गावात एकट्या राहायच्या, वय पंच्याहत्तरच्या पुढे, उभं आयुष्य मिठागरात गेलेलं. आम्ही विमान घेतलं हे त्यांना कुणीतरी जोहे गावच्या बसमध्ये सांगितलं म्हणे. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तर त्यांनी विचारलं, "माना न्हेशील का गो?"

"आत्या, भीती नाही वाटणार?"

"भीती कसली? तू हाय ना."

मुंबईच्या मोठ्या विमानांची हद्द तिथून लांब नाही, त्यामुळे रीतसर परवानगी मागून, सांगितलेल्या उंचीवरूनच जायचं होतं. त्या दिवशी आत्या हिरवं लुगडं नेसून आल्या, हातात कापडी पिशवी. वजन करायला काट्यावर उभं केलं तर पिशवी सोडेनात.

"काय आहे हो त्यात?"

"भाकरी हाय. नि जवला. वर भूक लागली तं?"

पिशवीसकट वजन केलं. विमानात सुक्या जवळ्याचा वास असा पसरला की मागे बसलेले इन्स्ट्रक्टर, जे देशावरचे आणि शाकाहारी, हवेची खिडकी पूर्ण उघडून बसले.

डोंगराची कडा ओलांडून कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरलो. रोह्यात आमच्या घराची गच्ची दिसली, वर वाळत घातलेल्या चादरी दिसल्या. मग रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने नागोठणे, मग पेण. डावीकडे खाडी. हेडफोनमधून आत्यांचा आवाज आला तेव्हा मी दचकले, इतका तो जवळून आला.

"यो आमचा बांद."

खाली मिठागरांचे चौकोन पसरले होते. काही पांढरे, काही गुलाबीसर, काही नुसतं पाणी. कडेला मिठाच्या राशी. आत्या बोट दाखवून सांगत होत्या, हा बांध कुणी घातला, तो कुठे फुटला, तिकडची मिठाची आगरं कुणी सोडून दिली आणि आता तिथे तिवरांची झाडं माजलीत. मी हळूहळू वळत राहिले. पंख डोक्यावर होता, खाली काही आड येत नव्हतं. एका ठिकाणी त्यांनी बोट काचेला टेकवलं. मग म्हणाल्या, "एवरुसाच हाय गो. राबत व्हतो तवा सरतच नव्हता."

एवढी मिठागरं, पण वरून खरंच एवढीशी दिसत होती. तोवर त्यांनी पिशवी उघडून भाकरी खायला सुरुवात केली होती, आणि एक तुकडा मागे इन्स्ट्रक्टरांच्या दिशेने धरला होता. त्यांनी नुसती भाकरी घेतली.

गावात गेल्यावर आत्यांनी काय सांगितलं ते आम्हाला नंतर कळलं. विमान बरं हाय, पण पाय आखडतात. एसटी परवडली. एवढं ऐकूनही शेजारच्या बायकांचा निरोप आलाच, परत कवा? तो हिवाळा संपेपर्यंत तिघी जणी येऊन गेल्या, एकेका शनिवारी एकेक. नवरा त्यांना पहाटे पेणहून गाडीने आणायचे आणि संध्याकाळी पोचवून द्यायचे.

शेवटची आली ती सगळ्यात तरुण, साठीची असेल. विमान जमिनीवरून सुटलं तसे तिने डोळे गच्च मिटले ते उतरेपर्यंत उघडले नाहीत. मी मध्ये मध्ये विचारत होते, "परत फिरू या का?" ती डोळे मिटूनच मान हलवायची, नाय. उतरल्यावर नवऱ्याने तिला हात धरून खाली घेतलं, पंखाखाली बसवलं, पाणी दिलं. तिने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि आमच्याकडे बघून तोंडभर हसली.

"लय भारी व्हता," ती म्हणाली.