सगळ्यांना सारखाच उशीर

डिंक्याची नोकरी टांगणीला लागली होती. प्रयोगशाळेत कणांच्या टकरीनंतर स्फटिकांत चमकणारा उजेड नेमका कधी आला, हे टिपणारे सिलिकॉनचे सेन्सर तो त्या स्फटिकांना चिकटवायचा आणि सोबत काम करणारी ताई बाहेरचा उजेड न शिरणाऱ्या काळ्या पेटीत त्यांची परीक्षा घ्यायची. या खेपेचा एकूण एक सेन्सर उशिरा जागा होत होता.

"याचा हात बिघडलाय. दुसरा माणूस बघा," साहेब म्हणाले.

डिंक्या मान खाली घालून बोटांवरचा गोंद खरवडत बसला. ताईला राहवेना. तिनं आकडे पुन्हा पाहिले. चिकटवण्यात खोट असती तर एखादा थोडा रेंगाळला असता, एखादा जास्त. इथं सगळ्यांचा उशीर अगदी सारखा! मग तिला आठवलं. जुनी केबल आखूड पडून ताणली जाते म्हणून परवा तिनंच पेटीला लांब केबल जोडली होती. सेन्सरचा इशारा त्या लांब वाटेनं यायलाच जास्त वेळ घेत होता; उशीर केबलमध्ये होत होता.

ती तडक साहेबांकडे गेली. "त्याचा हात चांगलाय, साहेब. घोळ माझा आहे."

साहेब हसले नाहीत, पण दुसऱ्या माणसाचं नावही त्यांनी काढलं नाही.

"ताई, माझा जीव गेला असता की गं!" डिंक्या म्हणाला.

"गेला नाही ना? मग आखूड केबल आण."